बडोद्यात भुताच्या शोधात

2024 च्या डिसेंबरात दहा दिवसांची सुट्टी काढून पुण्याहून बडोद्याला गेलो, तेव्हा स्टेशनवर घ्यायला मामाऐवजी मामेबहीण आली होती. वय वीस, माध्यमशास्त्राचं दुसरं वर्ष. घरात तिला अजून सगळे चिमणीच म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव चालवतो. स्कूटरला किक मारायच्या आधीच तिनं विचारलं, "दादा, तुझ्या फोनचा कॅमेरा रात्री बरा चालतो ना? मला भूत शोधायचंय."

तिला कॉलेजात प्रकल्प दिला होता. भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर, त्याच सिनेमाचं पोस्टर आणि एका काल्पनिक सिनेमासिकाचं मुखपृष्ठ, अशा तीन वस्तू करायच्या होत्या. सिनेमा मात्र करायचा नव्हता. तो अस्तित्वातच नव्हता. नसलेल्या सिनेमाची जाहिरात करायची ही कल्पना ऐकून मी थक्क व्हावं अशी तिची अपेक्षा असावी, पण माझी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली आहेत. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात.

द्यायची तारीख दहा दिवसांवर होती. कथा तिच्या डोक्यात तयार होती: शहरातून एक मुलगी जुन्या घरात राहायला येते आणि रात्री कोणीतरी दार वाजवतं. पात्र एकच, म्हणजे ती स्वतः. कॅमेऱ्यामागं मी. मी सवयीनं लॅपटॉपवर तक्ता उघडला. दृश्याचा क्रमांक, जागा, उजेड, आवाज, किती सेकंद, अशी खानी पाडली. दीड मिनिटात चौतीस दृश्यं बसत होती, म्हणजे एकेकाला अडीच सेकंदांच्या आसपास. "जागा" हे खानं मात्र चौतीसही ओळींत रिकामं होतं. ते भरायला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

सुरुवात मीच कलाभवनापासून केली. तिथं भूत मिळेल म्हणून नव्हे. बीईची चार वर्षं मी त्याच आवारात काढली आणि त्या चार वर्षांत कोणी मला सांगितलं नव्हतं की, भारतीय सिनेमाचा एक धागा इथून जातो. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं आणि त्याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा तरुण तिथं चित्रकला शिकायला आला. छायाचित्रणाचा नादही त्याला बडोद्यातच लागला. पुढं गोध्र्याला त्यानं फोटोचा व्यवसाय मांडला. तिथं प्लेगनं बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन त्यानं पुन्हा व्यवसाय सुरू केला, तो चालेना. कारण काय, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस मरतो, अशी समजूत गावात पसरली होती.

हे सांगितल्यावर चिमणी कॉलेजच्या फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाली, "म्हणजे बडोद्यातलं पहिलं भूत कॅमेराच?" 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या आधी काही वर्षं, दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्याला भिऊन आपले पणजोबा-खापरपणजोबा रस्ता बदलत असतील, हे चित्र मला फार आवडलं. चिमणीनं वहीत लिहून घेतलं, पण जागेच्या खान्यात काही भरलं नाही. आवारात मुलं चहा पीत होती, कोणी परीक्षेचं पुस्तक डोक्यावर घेऊन झोपलं होतं. भीती होती ती अंतर्गत गुणांची.

मग मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. बडोद्यात वाढलेल्या निम्म्या मुलांनी ते बाहेरूनच पाहिलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो, आत जा. पुस्तकांचे लोखंडी मांडव मजल्यावर मजले चढवलेले आहेत आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालून त्याच्या पावलांच्या धूसर सावल्या दिसतात, माणूस दिसत नाही. चिमणीनं वर पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. भयपटाला याहून चांगली जागा आख्ख्या गुजरातेत नसेल. पण चित्रीकरणाला रीतसर अर्ज करायला हवा, आणि आमच्याकडं दिवसच नऊ उरले होते. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ही जागा मी इथं फुकट देऊन टाकतो.

लक्ष्मी विलास राजवाड्याला आम्ही बाहेरूनच सलाम केला. त्याचा आराखडा करणारा मेजर चार्ल्स मँट याच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आलो आहे की, आपलं गणित चुकलंय, वाडा कोसळणार, या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं जीव दिला. खरंखोटं सांगणाऱ्यांनाच ठाऊक. तो 1881 मध्ये गेला, वाडा रॉबर्ट चिझमनं पुरा केला आणि 1890 पासून तो जागचा हललेला नाही, एवढं मात्र नक्की. इंजिनिअर माणूस म्हणून मला ही गोष्ट कोणत्याही हडळीपेक्षा जास्त झोंबते. आमच्यातल्या प्रत्येकानं रात्री दोनला दचकून उठून "ती अट तपासली होती ना?" असं स्वतःला विचारलेलं असतं. चिमणीला यात काही दिसलं नाही. ती अजून नोकरीला लागलेली नाही.

सेवासीची वाव तिला इंटरनेटवर सापडली होती. गोत्रीच्या पुढं, शहर संपता संपता. सात मजले जमिनीत उतरणारी विद्याधर वाव. फोटोत ती भयाण दिसते, कारण फोटो काढणारे माणसं जाईपर्यंत थांबतात. आम्ही अकरा वाजता पोचलो. पायऱ्या उतरायला लागलं की, प्रत्येक मजल्याला हवा थोडी थंड होत जाते, खांबांच्या चौकटीत चौकट दिसते, वर आभाळाची एक पट्टी उरते आणि कबुतरं एकदम फडफडून उडाली की छातीत धस्स होतं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. तेवढ्यात वरच्या काठावरून एका पोरानं हाक मारली, "रील बनावो छो?" त्याच्या मागं आणखी चार डोकी उगवली. पाच मिनिटांत त्यांनी चिमणीला कुठं उभं राहिलं की उजेड चांगला पडतो ते दाखवलं, कुठल्या खांबाजवळ आवाज घुमतो ते ओरडून दाखवलं आणि शेवटी आमच्याच फोनवर त्यांचा एक गटफोटो काढून घेतला. भुताला कोणी पाहिलंय का विचारल्यावर त्यातला मोठा म्हणाला, रविवारी येतात, शहरातून, कॅमेरे घेऊन.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो. खाली विश्वामित्री. बडोदेकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांना कदाचित खरं वाटणार नाही: पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. एखाददुसरी नव्हे. हिवाळ्यात त्या काठाच्या चिखलावर उन्हं खात पडलेल्या असतात आणि पुलावर माणसं शेंगदाणे खात त्यांना बघत असतात. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नदी शहरात शिरली तेव्हा मगरीही शिरल्या. समा भागातल्या मामाच्या इमारतीत तळमजला पाण्यात गेला. तीन दिवस वीज नव्हती. वाहन ठेवायच्या जागेत काळ्या पाण्यात काहीतरी लांब हललं, ते ओंडका होतं की दुसरं काही हे कोणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. मामी अजून अंधारात जिना उतरत नाही. मी म्हटलं, "हेच कर की. यापेक्षा भयंकर काय असतं?" चिमणी म्हणाली, "नको. पुराचं कोणाला दाखवायचं नाहीये मला. आईला परत ते बघायला लावू का?" वीस वर्षांची मुलगी हे बोलली आणि मी गप्प बसून सेव-उसळ मागवली.

तांबेकर वाडा दांडिया बाजारातच, आजीच्या घरापासून चालत जाण्याएवढा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडं आहे. भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत, कृष्णलीला, मराठे सरदार, मधेच गोरा साहेब. संरक्षित वास्तू, म्हणजे चित्रीकरणाला आधी परवानगी. आम्ही नुसते बघून बाहेर पडलो, आणि बाहेर पडल्यावर दोघांच्याही मनात एकदमच आलं की, इतकं हिंडण्याची गरजच नव्हती.

आजीचा वाडा तिथून तीन गल्ल्या पलीकडं होता. होता, असंच लिहावं लागतंय. वाडा म्हणजे काही तांबेकरांसारखा नव्हे. ओटा, त्यामागं पडवी, छोटा चौक, माजघर, अंधारं देवघर, काटकोनात वळणारा लाकडी जिना आणि वर माळा. सागवानी खांब, त्यांना वाळवी लागलेली. आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात होते, त्यांच्या वडिलांनी हे घर घेतलं. मामानं पंधरा वर्षांपूर्वी समाला फ्लॅट घेतला तरी आजी इथंच राहिली. वय शहाऐंशी. सोबतीला दिवसभराची एक बाई. गेल्या वर्षी मागची भिंत फुगली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता पुरे. घर विकायचा करार झाला होता. फेब्रुवारीत ताबा द्यायचा होता.

2018 मध्ये आलेला 'तुंबाड' चिमणीनं चारदा पाहिलाय. त्यातला वाडा सासवडचा. तेव्हापासून जुनं लाकूड दिसलं की तिला पावसाचा आवाज ऐकू येतो. आणि इथं घरचाच वाडा, घरचीच किल्ली, परवानगी आजीची. रामसे बंधूंनी 1972 मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला तेव्हा ते घरातली माणसं घेऊन महाबळेश्वरच्या विश्रामगृहात जाऊन राहिले होते. स्वयंपाक घरच्यांनी, काम घरच्यांनी. आम्ही त्याच परंपरेतले. आजीनं "करा काय करायचंय ते, जेवायला किती जण आहात तेवढं सांगा" म्हणून परवानगी दिली.

चौतीसपैकी एकोणतीस ओळींत मी "आजीचं घर" भरलं.

पहिल्या दोन रात्री तंत्रातच गेल्या. आताचे फोन अंधाराला घाबरतात. जरा काळोख दिसला की आपोआप उजेड वाढवून सगळं लग्नाच्या हॉलसारखं करून टाकतात. तो आपोआपपणा बंद करून उजेडाचं माप हातानं बांधून ठेवावं लागतं. माजघरातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकायला लागले. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून सेकंदाला 25 चित्रं आणि प्रत्येक चित्राला एक पन्नासांश सेकंद हे गणित धरलं की पट्टे जातात. शेवटी ट्यूब बंदच केली आणि देवघरातला झिरोचा बल्ब तेवढा ठेवला. कॅमेरा जमिनीलगत सरकत यावा म्हणून फोन आजीच्या जेवायच्या पाटावर बांधला, पाटाखाली जुनी सतरंजी घातली आणि सतरंजी ओढली. चित्र लोण्यासारखं सरकलं. रक्त वापरायचं नाही असं चिमणीनं आधीच ठरवलं होतं. कॉर्नफ्लोअर आणि खायचा रंग कालवून सगळीच मुलं करतात, म्हणे.

तिसऱ्या दिवशी तिनं पोस्टर केलं. ललित कला शाखेत शिकणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं अक्षरं काढून दिली. पोस्टर हा प्रकार सोपा वाटतो, तसा नाही. आपल्याकडचं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं सिनेपोस्टर म्हणून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'च्या पोस्टरचं नाव घेतात. त्या काळी पोस्टर रस्त्यावरून, टांग्यातून वाचायचं असे. आता ते अंगठ्याच्या नखाएवढं होऊन फोनवर दिसतं. म्हणून एकच वस्तू, एकच शब्द. चिमणीनं आजीच्या घराचं पुढचं दार घेतलं, ओट्यावरून, तिन्हीसांजेला, रंग सगळे निळे करून. मधोमध लोखंडी साखळकडी. वर नाव: "कडी". खाली एक ओळ: "इथे कोणी राहत नाही." मला ते फार आवडलं. मी तसं म्हटलंही, ते नमूद करून ठेवतो.

रात्री तिनं ते घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं हे कळायला मार्ग नाही. चौथ्या दिवशी सकाळी नऊला घर घेणाऱ्यांचा मामाला फोन आला. तुमच्या वाड्याबद्दल काहीतरी फिरतंय, आमच्या घरचे बिचकलेत, वास्तूत काही आहे का, असेल तर आधी सांगायला हवं होतं. मामा शांत माणूस आहे. त्या दिवशी तो दोन बोटांत फोन धरून चिमणीसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "या घराच्या पैशातून आजीचं ऑपरेशन आहे." मी मधे पडायला गेलो तर मला म्हणाला, "तू तरी मोठा होतास ना रे?" यावर उत्तर नव्हतं.

पोस्टर काढून टाकलं. म्हणजे आम्ही आमच्यापुरतं काढलं. एकदा पाठवलेली गोष्ट परत घेता येत नाही हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. मामा जाऊन त्या लोकांना भेटला, प्रकल्पाचा कागद दाखवला, चहा झाला, ते हसले. पण मधले पाच तास वाईट गेले.

दुपारी आम्ही आजीकडं गेलो तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. समोरच्या ओट्यावरच्या काकूंनी फोनवर मोठं करून दाखवलं होतं. आजी वाती वळत बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चिमणे, हे आपलंच दार ना?"

"हो आजी."

"इथे कोणी राहत नाही म्हणे."

"आजी, ते सिनेमातलं असतं गं, खरं नाही..."

"मग मी कोण?"

चिमणी रडायला लागली. आजीनं तिला रडू दिलं. मला माझ्या फोनमधले दोन रात्रींचे एकशे चाळीस तुकडे आठवत होते. पाट, खांब, जिना, देवघराची चौकट. एकाही तुकड्यात आजी नव्हती. आम्हीच तिला दर वेळी म्हणत होतो, "आजी, जरा बाजूला हो, तू दिसतेयस." दोन रात्री ती हातात औषधाची वाटी घेऊन चौकातून पडवीत आणि पडवीतून चौकात सरकत होती.

मग तिनंच विचारलं, "कडीच का घेतलीस?" चिमणीनं डोळे पुसत सांगितलं, की दारावरची थाप सगळ्याच सिनेमात असते, कडी कोणी घेत नाही, आणि तिचा आवाज लहानपणापासून डोक्यात आहे. आजी म्हणाली, "तुला कुठला आवाज माहीत. तुम्ही सगळे धाडधाड वाजवता."

आजोबांची दुसरी पाळी असली की ते सायकलवरून रात्री एकच्या सुमाराला यायचे. मुलं जागी होऊ नयेत म्हणून कडी जोरात आपटायची नाही. दोन बोटांनी उचलायची आणि सोडायची. तीनदा. मधे एक श्वास जाईल एवढी थांबायची. आजी माजघरात दाराकडं डोकं करून झोपायची. तिसरी वाजायच्या आत उठलेली असायची. अशी एकतीस वर्षं. आजोबा 1996 मध्ये गेले.

"त्यानंतर वर्षभर कडी वाजायची," आजी वाती वळतच म्हणाली. "बरोबर एकला. मी उठून दार उघडायची. कोणी नसायचं. मग लावून झोपायची."

चिमणीनं विचारलं, "भीती नाही वाटली?"

"कशाची? यांचीच की ती." मग जरा थांबून म्हणाली, "एके रात्री दोनदा वाजली. तिसरी वाजलीच नाही. पहाटेपर्यंत वाट बघितली. त्या रात्री घाबरले."

मी दुसरीकडं बघत बसलो. चौकात ऊन उतरलं होतं.

त्या संध्याकाळी चिमणीनं माझ्या तक्त्यातल्या एकवीस ओळी खोडल्या. दृश्यं चौतीसावरून तेरावर आली. एका दृश्याला अडीच सेकंद हे गणित गेलं. काही दृश्यं दहा-दहा सेकंदांची झाली. मी म्हटलं, ट्रेलर असा नसतो, लोक पुढं सरकवतील. ती म्हणाली, सरकवू देत. शहरातून आलेली मुलगी कथेतून गेलीच. ट्रेलरमध्ये आजी आली. आजी अंथरूण घालते, पाणी पिते, दिवा मालवते. कॅमेरा पाटावर, सतरंजीवर, जमिनीलगत. आजीनं एकदाही कॅमेऱ्याकडं बघितलं नाही. अभिनय म्हणून नव्हे, तिला चष्म्याशिवाय तो दिसतच नव्हता.

आवाज घ्यायला रात्रीचे साडेबारा निवडले, कारण त्याआधी दांडिया बाजार गप्प होत नाही. भयपटातली निम्म्याहून जास्त भीती कानातून येते. खात्री करायची असेल तर कुठलाही ट्रेलर आवाज बंद करून बघा, हसू येतं. फोनला माझा पायमोजा घातला, वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून. मी बाहेर ओट्यावर, चिमणी आत. मी कडी वाजवली. आजी आतून म्हणाली, "नाही, जोरात झालं." पुन्हा. "आता घाईनं झालं." पुन्हा. समोरच्या काकूंच्या खिडकीत दिवा लागला. अकराव्या वेळी आतून कोणी काहीच बोललं नाही. मी दार ढकलून आत गेलो तर आजी अंथरुणावर उठून बसली होती, एक हात जमिनीला टेकवून, उठायच्या बेतात. चिमणीनं तोंडावर हात ठेवला होता. फोन चालू होता.

नवं पोस्टर साधं झालं. तेच दार, पण आतून. कडी दिसत नाही, खालच्या फटीतून उजेड तेवढा येतो. ओळ आजीनं सांगितली: "रात्रीचा एक." या वेळी ते कोणत्याही गटावर टाकलं नाही. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी शेवटच्या दुपारी आजीचा फोटो काढला आणि तिनं हट्टानं त्यासाठी नऊवारी बदलली. ते मुखपृष्ठ भयपटाचं कमी आणि दिवाळी अंकाचं जास्त दिसतं.

ट्रेलरच्या शेवटी पडदा पूर्ण काळा होतो. कडी वाजते. एक श्वास. कडी वाजते. एक श्वास. मग काही नाही. आठ सेकंद नुसतं घराचं आवाज नसणं, आणि मग नाव. चिमणीनं सांगितलं, की वर्गात त्या आठ सेकंदांत कोणीतरी "अरे पुढे?" असं ओरडलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. गुण बरे मिळाले. ट्रेलरचा वेग कमी पडला असा शेराही मिळाला, आणि तो खोटा नाही.

फेब्रुवारीत ताबा दिला. मी जाऊ शकलो नाही, आमचं एक काम सुरू व्हायचं होतं. मार्चमध्ये घर उतरवलं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती समाला मामाकडं, तिसऱ्या मजल्यावर असते. पुराचं पाणी तिथवर येत नाही, आणि मामी रात्री जिना उतरायचं काम निघालं की तिला सोबत नेते, म्हणजे शहाऐंशीच्या बाईला. फ्लॅटच्या घंटीत एक गाणं वाजतं, ते आजीला आवडत नाही. म्हणून घर उतरवताना मामानं ती कडी काढून आणली आणि आजीच्या खोलीच्या दाराला बाहेरून बसवली. दार प्लायवुडचं, पोकळ आहे. आजी म्हणते आवाज तसा येत नाही, खालची कोयंडी बदलायला हवी. मे महिन्यात जाईन तेव्हा सागवानाची एक फळी घेऊन ये, असा मला निरोप आहे.